तारेच्या कातड्यातली हवा

कुर्कीलाच्या केबल कारखान्यात राउनो कुयालाइतकं चालणारं तोंड दुसरं नव्हतं. त्याच्या हातांइतके खरे हातही दुसरे नव्हते, पण लोकांच्या लक्षात राहायचं ते तोंडच. ह्या उत्तरेकडे माणूस दिवसाला दहा शब्द बोलला तरी बायको विचारते, बरं नाही का तुला. आणि राउनो जेवणाच्या सुट्टीत एका वाडगाभर वाटाण्याच्या सुपावर शंभर शब्द सांडायचा. वल्ह्याएवढा मासा त्यानं एकट्यानं ओढला. अस्वलानं त्याला बघून वाट बदलली. अंगठ्याच्या नखानं तो मिलिमीटरचा पन्नासावा हिस्सा ओळखतो.

मासा जरा लहान असेल. अस्वलाचं अस्वलाला ठाऊक. पण नखाचं मात्र अक्षर न् अक्षर खरं होतं. टूलरूममधलं मोजायचं यंत्र आणि राउनोचं नख यांचं एकदा भांडण झालं, तेव्हा यंत्र दुरुस्तीला पाठवावं लागलं. विचारा कुणालाही. विचारलं तर तेही हसून सांगतील, कारण कुयालानं सांगितलेलं सगळंच हसण्यावारी न्यायची गावाला सवय लागली होती. तो बोलायला लागला की कुणीतरी म्हणायचं, "झालं, रेडिओ लागला."

राउनो चौदाचा असताना बाप बर्फाखाली गेला. आई साइमी, पाळण्यात दोन वर्षांचा इल्का, आणि शाळा सोडून कारखान्यात लोखंडाचा कीस झाडायला लागलेला राउनो. झाडता झाडता तो घासायला शिकला, घासता घासता टूलमेकर झाला. पुस्तकातलं गणित त्याला सातवीपुढे आलं नाही, आणि त्याची त्याला लाजही नव्हती. "माझ्या वाटची शाळा इल्का शिकतोय," असं तो म्हणायचा. इल्काचे बूट, इल्काची स्कीची जोडी, औलूच्या इंजिनियरिंग शाळेतली इल्काची खोली, सगळं राउनोच्या हातून गेलं. इल्का इंजिनियर होऊन त्याच कारखान्यात परत आला तेव्हा राउनोनं माशाची गोष्ट बंद केली आणि भावाची सुरू केली. दोन वर्षं गावानं दुसरं काही ऐकलं नाही.

ही सगळी हकीकत घडली ती कॉम्प्युटरच्या केबलींमुळे. जग एकदम घाईला आलं होतं, संदेश पटापट पळायला हवे होते. आता तारेचं असं असतं, की तांबं संदेश पळवतं आणि त्याच्या अंगावरचं प्लास्टिकचं कातडं त्याचे पाय ओढतं. कातड्याऐवजी नुसती हवा असती तर संदेश वाऱ्यासारखा गेला असता. पण हवा तार धरून ठेवणार कशी? तेव्हा वरच्या लोकांनी ठरवलं, कातड्यातच तारेच्या लांबीबरोबर आठ बारीक बोगदे ठेवायचे, आणि त्यात वायू. प्लास्टिक कमी, हवा जास्त, आणि तार मधोमध घट्ट. कागदावर चित्र मोठं गोजिरवाणं दिसायचं, घोडागाडीच्या चाकासारखं.

मशीनवर मात्र ते चाक दबून बसायचं. मधून तांब्याची तार धावते, भोवतीनं वितळलेलं प्लास्टिक येतं, त्या प्लास्टिकमध्ये आठ सुया रोवलेल्या, म्हणजे सुयांमागे आठ भोकं राहायला हवीत. राहायची नाहीत. सुईच्या टोकापासून बोटभर पुढे जाईतो गरम प्लास्टिक भोकात ओघळून मिटून जायचं. पाच महिने हेच. मशीन चालवायची हेल्वी टोलोनेन. ती तारेचा तुकडा कापून भिंगाखाली धरायची आणि मान हलवायची.

"झोपलेत," ती म्हणायची. "आठच्या आठ. रविवारच्या चर्चमध्ये बसल्यासारखे."

इल्का ह्या कामाचा प्रमुख. त्यानं सुया लांब करून बघितल्या, जाड करून बघितल्या, प्लास्टिक गार करून बघितलं. दर वेळी नवी सुई राउनोनं घासून द्यायची. इल्काच्या डोळ्यांखाली काळं यायला लागलं. मुख्य इंजिनियर साल्मेला दर सोमवारी येऊन "मग?" एवढंच विचारायचा आणि जायचा. आपल्याकडे एवढ्यानंही माणूस आठवडाभर झोपत नाही.

ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी राउनोनं भावाला दलदलीत नेलं. हिल्ला पिकल्या होत्या. ह्या पिवळ्या फळांची जागा कुणी कुणाला दाखवत नाही. बाप मरताना मुलाला सांगतो, आणि तेही भान हरपलं असेल तरच. राउनोनं ही जागा स्वतः शोधलेली, गावभर सगळ्याच्या बाता मारल्या पण हिची कधी नाही. त्या दिवशी त्यानं इल्काला नेलं, कारण भावाचं तोंड बघवत नव्हतं.

चिखलात तोल सांभाळायला राउनोच्या हातात दोन काठ्या. एक बर्चची, आणि दुसरी जुन्या स्कीची ॲल्युमिनियमची, आतून पोकळ, वरची मूठ गेलेली, खालचं टोकही गेलेलं. दोन फळं तोडायची, काठी उपसायची, पुढे जायचं. दहा-बारा पावलं गेला आणि थबकला.

"इल्का, इकडे ये. बादली ठेव."

"काय, साप?"

"ये तर!"

त्यानं बर्चची काठी चिखलात खोल खुपसली आणि जोर लावून उपसली. चिखलानं गचकन आवाज केला आणि भोक मिटलं. मग पोकळ काठी खुपसली, उपसली. आवाज नाही, काही नाही. भोक तसंच उघडं, आत काळोख दिसतोय.

"चिखल एकच," राउनो म्हणाला. "हात एकच. मग?"

इल्कानं वाकून भोकात बघितलं.

"अरे, भरीव काठी उपसली की तिच्याखाली रितं होतं. रितं झालं की चिखल धावत येतो. ह्या नळीतून वरून वारा खाली जातो, जागा भरतो, चिखलाला यायला कारणच राहत नाही. तुझ्या सुया भरीव आहेत, इल्का! तार पुढे पळते, मागे रितं होतं, प्लास्टिक आत येणारच. सुयांना श्वास घ्यायला मागून वाट दे. वाटल्यास थोडा वायू फुंक. मी करून देतो. पोकळ सुया, आठ."

इल्का खाली बसला, ओल्या शेवाळातच. पँट भिजली तरी उठला नाही. त्यानं ती स्कीची काठी हातात घेतली आणि लहानपणी घ्यायचा तसा एक डोळा मिटून तिच्यातून आकाश बघितलं.

"पाच महिने," तो म्हणाला. "राउनो, पाच महिने."

"आणि मला एक सकाळ," राउनो म्हणाला, आणि एवढ्या जोरात हसला की दोन टिटव्या उडाल्या.

तीन आठवडे त्यानं टूलरूमचा दरवाजा लावून घेतला. केसाएवढ्या भोकाच्या पोलादी नळ्या, त्यांचं टोक घासून गुळगुळीत, आठही एका वर्तुळात, आणि सगळ्यांच्या पाठी एका बारीक खोलीत उघडलेल्या, जिथून नायट्रोजन आत यायचा. नकाशा नव्हता. सगळं डोक्यात आणि नखात. काम संपल्यावर इल्का आला, म्हणाला, "फाईलला नकाशा लागतो, मी कागदावर उतरवून ठेवतो." उतरवून ठेवला, खाली सही केली. राउनोला त्यात काही वावगं दिसलं नाही. नकाशा काढणारा सही करतोच.

हेल्वीनं मशीन चालू केलं. तुकडा कापला. भिंगाखाली धरला, फिरवून पुन्हा धरला.

"जागे आहेत," शेवटी म्हणाली. "आठच्या आठ. आणि माझ्याकडे बघतायत."

त्या शनिवारी दुपारी दोघं भाऊ सौनात बसले होते. दगडांवर पाणी टाकून झालं, वाफ अंगाला चावून झाली, तसा इल्का म्हणाला, "सोमवारी साल्मेला येईल. विचारेल, कुणाच्या डोक्यातनं निघालं. तू गप्प बस."

"का? निघालं तर माझ्याच."

"म्हणूनच. तू बोललास तर लोक काय म्हणतील माहितेय? माशाला भाऊ झाला म्हणतील. मी सांगतो. ते माझ्यावर सोड."

यात खोटं काही नव्हतं. आपल्याकडे आपल्या तोंडानं आपली स्तुती केली की तिला सडक्या माशाचा वास येतो म्हणतात. माणसानं खाली बघायचं आणि शेजारच्यानं त्याचं नाव घ्यायचं, ही रीत. उद्या शेजाऱ्याची पाळी आली की आपण त्याचं घ्यायचं. राउनोनं जन्मभर ही रीत पायाखाली तुडवलेली. पण हे त्याचं सगळ्यात मोठं काम होतं, आणि सगळ्यात खरं. त्याला ते रीतीनं व्हायला हवं होतं, दुसऱ्याच्या तोंडून, सरळ माणसाच्या तोंडून. आणि इल्कापेक्षा सरळ कोण?

"सोडलं तुझ्यावर," तो म्हणाला.

सोमवारी साल्मेला आला. भिंगात बघितलं, चष्मा पुसला, पुन्हा बघितलं. कॉफीच्या टेबलाभोवती आठ-नऊ माणसं होती.

"हे कुणाचं डोकं?" त्यानं विचारलं.

 राउनो जमिनीकडे बघत होता. ओठ एकमेकांवर दाबून धरलेले. पन्नास वर्षांत पहिल्यांदा त्यानं जीभ बांधून ठेवली होती, आणि ती तोंडात माशासारखी तडफडत होती. इल्कानं आपल्या कपात बघितलं.

"इथंच," इल्का म्हणाला, "विभागात. हळूहळू जमत गेलं."

साल्मेलानं त्याचा हात हातात घेतला. "शिकावं तर ह्याच्याकडून," तो म्हणाला. "स्वतःचं नाव घेईल तर शपथ."

आता बघा. आपल्याकडे माणूस 'विभागात जमलं' म्हणाला की त्याचा अर्थ 'मी केलं' असाच घेतात. इल्काला हे ठाऊक नव्हतं असं कसं म्हणायचं? त्याच गावात वाढलेला. पण राउनोला वाटलं, अजून वेळ आहे. साल्मेलासमोर घाबरला असेल, पुढच्या सोमवारी सांगेल. तो सोमवार गेला. बर्फ पडलं, नदी गोठली, नदी सुटली. राउनो थांबला. जेवणाच्या सुट्टीत एवढा गप्प असायचा की लोकांनी विचारलं, दात उपटून घेतलेस काय.

मे महिन्यात सूचनाफलकावर कागद लागला. वर चाकाचं चित्र, आठ भोकं, आणि सुईचा उभा छेद, मागून हवेची वाट दाखवणारा बाण. हेल्वीनं चष्मा लावून वाचलं.

"पेटंटचा अर्ज. शोध लावणारे, इल्का कुयाला आणि साल्मेला." तिनं चष्मा काढला. "चल, आडनाव तरी आलं तुझं. अर्धा तू फलकावर आहेस."

राउनो त्या बाणाकडे बघत होता. हेल्वीनं त्याच्याकडे बघितलं, आणि तिच्या चेहऱ्यावरची थट्टा उतरली.

"कुयाला," ती हळूच म्हणाली, "ह्या वेळी खरंच होतं का?"

"तुला काय वाटतं?"

"मला काय वाटायचं? तू ते टूल बसवायला आलास तेव्हा एक अक्षर बोलला नव्हतास. तेव्हाच मला चमत्कारिक वाटलं."

संध्याकाळी राउनो भावाच्या अंगणात गेला. इल्का लाकडं रचत होता. भावाला बघितल्यावर त्यानं एक ओंडका उचलला तो खाली ठेवलाच नाही, हातातच धरून उभा राहिला.

"वाचलंस," इल्का म्हणाला.

"हेल्वीनं वाचून दाखवलं. मला काय, सातवी पास."

"राउनो, ऐक. त्या अर्जात कारण लिहावं लागतं. दाब किती, प्लास्टिक किती घट्ट, आकडे. तू काय सांगणार होतास? चिखल? स्कीची काठी?"

"हो. चिखल. तिथंच तर सापडलं."

"त्यांनी हसून बाजूला टाकलं असतं. आणि तुझं नाव घातलं असतं तर अख्ख्या कारखान्यानं—"

"मला कागद नको," राउनो म्हणाला. "कागद घाल चुलीत. मला बक्षीसही नको. तू एकदा सगळ्यांसमोर म्हण. राउनोला सुचलं. तीन शब्दसुद्धा नाहीत, इल्का. तुला मी ह्याहून जास्त शब्द शिकवलेत बोबडा होतास तेव्हा."

इल्कानं ओंडका रचला. मग आणखी एक रचला.

"शुक्रवारी केककॉफी आहे," तो म्हणाला. "सगळे असतील. सांगतो."

"माझ्याकडे बघून बोल."

"सांगतो म्हटलं ना!"

शुक्रवारी जेवणघरात शंभरेक माणसं जमली. केकवर पांढऱ्या साखरेत तारेचं चाक काढलेलं, आठ भोकं ब्लूबेरीची. राउनोनं इस्त्रीचा शर्ट घातला होता, जो आईच्या मातीला घातला त्यानंतर कपाटातच होता. साल्मेला चार वाक्यं बोलला, आपल्याकडे हे भाषण झालं. मग इल्का उभा राहिला. आभार मानले साल्मेलाचे, हेल्वीचे, प्लास्टिक देणाऱ्यांचे.

"आणि शेवटी माझा भाऊ राउनो," तो म्हणाला.

राउनोच्या मानेवरचे केस उभे राहिले.

"मी काढलेल्या नकाशावरून त्यानं सुया घासल्या. असे हात मी बघितले नाहीत."

टाळ्या झाल्या, चांगल्या मनापासूनच्या टाळ्या. केसानं गळा कापणं म्हणतात ते असं असतं, कापताना कुणाला रक्त दिसत नाही आणि वर सगळे शाबासकी देतात.

राउनो उठला. "नकाशा नंतर काढला," तो म्हणाला. आवाज नेहमीसारखा मोठा, कारण त्याला लहान आवाज येतच नव्हता. "सुचलं मला. हिल्ला तोडायला गेलो होतो. माझ्याकडे स्कीची काठी होती, पोकळ, तिनं भोक पाडलं ते मिटलंच नाही. मी ह्याला दाखवलं. ह्यानं नळीतून आकाश बघितलं. विचारा ह्याला!"

 मग मागच्या टेबलावरून कुणीतरी म्हणालं, "आणि वल्ह्याएवढ्या माशानं तीतून हवा फुंकली!"

जेवणघर हसलं. वाईट नव्हतं हसणं. जुन्या ओळखीच्या माणसाला हसतात तसं होतं, हिवाळाभर बंद पडलेला रेडिओ परत लागल्यासारखं. "आला, आला कुयाला!" साल्मेला हसला. आणि राउनो भावाकडे बघत होता. इल्का आधी बशीकडे बघत होता. मग त्यानं मान वर केली, सगळे हसताना बघितले, आणि तोही हसला. तोंडानं थोडंच, पण हसला.

हेल्वी हसली नाही. तिनं केकचा तुकडा तसाच ठेवला आणि मशीनवर निघून गेली. पण ती गेल्याचं कुणाच्या लक्षातही आलं नाही.

राउनोनं नोकरी सोडली नाही. उन्हाळाभर आणखी बारा टूल्स मागवली गेली, त्यानं बाराही घासली, आणि एकातही नखाला लागेल एवढी चूक नव्हती. वाईट काम करून सूड घ्यायचा तर हात तसे असावे लागतात. इल्काशी मात्र तो कामापलीकडे एक शब्द बोलला नाही. इल्कानं दोनदा दार वाजवलं. दोन्ही वेळा आत दिवा होता, दार उघडलं नाही.

नाताळच्या आदल्या दिवशी तीन वाजताच अंधारलं. त्या दिवशी कुर्कीलाचं झाडून सगळं गाव कब्रस्तानात असतं, हातात मेणबत्त्या, बर्फात पायवाटा पडलेल्या, हजार ज्योती. राउनो आईच्या दगडापाशी गुडघ्यावर बसून बर्फ हातानं बाजूला करत होता. मागून पावलं आली. वळून न बघता त्याला कळलं. ते पाऊल त्यानंच चालायला शिकवलं होतं.

इल्कानं आपली मेणबत्ती राउनोच्या मेणबत्तीशेजारी ठेवली. काडी तीनदा विझली.

"राउनो," तो अगदी हलक्या आवाजात म्हणाला. "तुलाच सुचलं होतं."



"काय म्हणालास?"

"तुझंच होतं ते. मला ठाऊक आहे. आईशपथ."

राउनो उठला. गुडघ्यावरचा बर्फ झटकला. भोवती माणसं होती, ओळखीची सगळी. पलीकडच्या ओळीत हेल्वी नवऱ्याच्या दगडापाशी. तिच्या पुढे टूलरूममधले तिघं. आणि दोन दगड सोडून साल्मेला, बायकोचा हात धरून, टोपी काढलेली.

"मोठ्यानं म्हण," राउनो म्हणाला. रागानं नाही म्हणाला. लहानपणी इल्का पहिल्यांदा थंड पाण्यात उतरायला घाबरला होता, तेव्हा ज्या आवाजात 'ये, मी आहे' म्हणाला होता, त्याच आवाजात. "सगळे इथंच आहेत. कुणी हसणार नाही, आज हसत नाहीत. म्हण."

इल्कानं तोंड उघडलं. तोंडातून वाफ आली. त्याची नजर दोन दगड पलीकडे गेली. साल्मेलानं त्याला ओळखून मान लववली. इल्कानंही मान लववली.

आणि तोंड मिटलं.

राउनोनं थोडा वेळ वाट बघितली, एखादा उशिरा येणारा शब्द असलाच तर. मग कानावर टोपी ओढली.

"आईला ऐकवायचं होतं तर तसं सांगायचं," तो म्हणाला. "तिला मी गेल्या वर्षी ऑगस्टमध्येच, इथं येऊन सांगून ठेवलं होतं. तिनं विश्वास ठेवला."

तो फाटकाकडे चालायला लागला. वाटेत हेल्वीनं 'नाताळ चांगला जावो' म्हटलं, त्यानंही म्हटलं. इल्का मागे दोन मेणबत्त्यांपाशी उभा होता, आणि येणारेजाणारे त्याच्याशी हात मिळवून तारेबद्दल त्याचं अभिनंदन करत होते.